दातांचा एक्स-रे : चित्र पुरेसं स्पष्ट, किरणमात्रा कमीत कमी (कोकणातल्या दवाखान्यांसाठी)

एक्स-रेचं बटण दाबण्याआधी केसपेपरवर एक वाक्य लिहा: या चित्रातून नेमकं काय कळायला हवं? ‘खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या मुळाशी गाठ आहे का’ हा प्रश्न झाला. ‘दाढ दुखते, एक्स-रे काढा’ हा प्रश्न नव्हे. प्रश्न ठरला की किती बारीक तपशील लागणार ते ठरतं, त्यावरून कोणतं तंत्र वापरायचं ते ठरतं आणि किरणमात्रा त्यातून आपोआप निघते.

आपल्याकडे हा क्रम मोडतो तो अंतरामुळे. आचऱ्याहून किंवा विजयदुर्गाहून एसटी बदलत कणकवलीला आलेला रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, परत येणं जमायचं नाही, काय ते आजच काढून टाका.’ मग एका दाढेसाठी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) होतो, सोबत ‘असू दे’ म्हणून कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या सेंटरवर पूर्ण जबड्याच्या सीबीसीटीची (त्रिमितीय स्कॅनची) चिठ्ठी जाते. रुग्णाची अडचण खरी आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे पहिलंच चित्र नीट येणं. जास्तीची चित्रं काढून ती अडचण सुटत नाही.

आकडे डोळ्यांसमोर ठेवा

जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. डिजिटल सेन्सर आणि चौकोनी कॉलिमेटर (किरणझोत आवळणारी खिडकी) वापरून काढलेल्या एका आयओपीएची (तोंडात सेन्सर किंवा फिल्म ठेवून काढलेल्या एक-दोन दातांच्या एक्स-रेची) परिणामी मात्रा (इफेक्टिव्ह डोस) साधारण १ ते २ मायक्रोसिव्हर्ट असते. तोच आयओपीए मंद (जास्त किरण लागणाऱ्या) डी-स्पीड फिल्मवर आणि गोल कोनने (ट्यूबपुढच्या गोल नळीने) काढला तर २० च्या घरात जातो. ओपीजी बहुतेक यंत्रांवर १० ते २५. सीबीसीटीमध्ये फरक प्रचंड आहे: लहान क्षेत्राचं, नीट बेतलेलं स्कॅन काही दशक मायक्रोसिव्हर्टमध्ये बसतं, तर मोठ्या क्षेत्राचं, वरच्या सेटिंगवरचं स्कॅन १,००० मायक्रोसिव्हर्टपर्यंत पोचू शकतं. डोक्याचं वैद्यकीय सीटी साधारण २,००० चं.

यातली कुठलीही एक तपासणी भीतीदायक नाही. रुग्णाला घाबरवू नये आणि गरजेचा एक्स-रे टाळूही नये. पण एकाच प्रश्नाचं उत्तर २ मध्ये मिळत असताना २० किंवा २०० खर्च करण्याला काहीच आधार नाही.

बारकावा म्हणजे नेमका किती?

सेन्सरच्या माहितीपत्रकावर ‘२५ लाइन पेअर प्रति मि.मी.’ (एका मि.मी.त काळ्या-पांढऱ्या रेघांच्या २५ जोड्या सुट्या दिसतात) असं लिहिलेलं असतं. २० मायक्रॉनच्या पिक्सेलचं ते गणिती टोक आहे. प्रत्यक्षात सिंटिलेटरमध्ये (किरणांचा प्रकाश करणाऱ्या थरात) प्रकाश पसरतो आणि ट्यूबचा फोकल स्पॉट (किरण निघतात ती जागा) बिंदू नसतो, त्यामुळे तितकं कधीच मिळत नाही. हिशोब करून बघा. फोकल स्पॉट ०.७ मि.मी., स्पॉटपासून दात २२ से.मी.वर, दातापासून सेन्सर १ से.मी.वर: कडेचा धूसरपणा साधारण ३० मायक्रॉन. होल्डरमुळे सेन्सर २ से.मी. मागे गेला तर ६० च्या वर. म्हणजे पिक्सेल २० चा असला तरी कडा ३० ते ६० मायक्रॉनचीच उमटणार. जास्त मेगापिक्सेलचा सेन्सर घेण्याआधी ट्यूबचा हात डुलतो का ते बघा, कारण बटण दाबताना हेड किंचित सरकत असेल तर सेन्सरचा सगळा बारकावा तिथेच संपतो. खाऱ्या हवेत सांध्यांचे स्क्रू आणि स्प्रिंग लवकर गंजतात, तेव्हा पावसाळ्याआधी आणि नंतर हात तपासून घट्ट करून घ्यावा.

आता प्रश्नांकडे या. दोन दातांमधली कीड दिसण्यासाठी बारकाव्यापेक्षा कॉन्ट्रास्ट आणि किरणांची दिशा महत्त्वाची. शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसले तर कितीही रेझोल्यूशन उपयोगाचं नाही. मुळाभोवतीच्या अस्थिबंधाची फट साधारण ०.२ मि.मी. असते, ती आयओपीएवर सहज दिसते, ०.४ मि.मी. व्हॉक्सेलच्या (त्रिमितीय चित्रातल्या घनाकार ठिपक्याच्या) सीबीसीटीवर हरवते. रूट कॅनालच्या १० नंबर फाइलचं (कॅनाल साफ करायच्या बारीक सुईचं) टोक ०.१ मि.मी.चं, १५ नंबरचं ०.१५ मि.मी.चं, लांबी मोजताना १५ नंबर घातली तर टोक शोधण्यासाठी मात्रा वाढवावी लागत नाही. खालच्या जबड्यातली नस ज्या कालव्यातून जाते तो मात्र सुमारे ३ मि.मी. रुंद असतो. इम्प्लांटसाठी त्याच्यापासूनचं अंतर मोजायला ०.३ मि.मी.चा व्हॉक्सेलही पुरतो.

आयओपीए : सगळ्यात जास्त बचत इथेच

पहिली गोष्ट कॉलिमेटर. ७ से.मी. व्यासाच्या गोल कोनमधून ३८ चौ. से.मी.वर किरण पडतात आणि २ नंबरच्या फिल्मचं क्षेत्रफळ जेमतेम १३ चौ. से.मी. असतं. दोन तृतीयांश किरण गालावर, ओठावर, थायरॉइडच्या दिशेनं विनाकारण जातात आणि वर विखुरून चित्र धुरकट करतात. साडेतीन बाय साडेचार से.मी.चा चौकोनी कॉलिमेटर लावला की किरणांखालचं क्षेत्र जवळपास ६० टक्क्यांनी घटतं आणि कॉन्ट्रास्ट सुधारतो. मात्रा कमी होऊन चित्र चांगलं होतं अशा जागा फार थोड्या, त्यांतली ही एक. लेड एप्रन याची बरोबरी करू शकत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि थायरॉइड कॉलर नेहमी वापरायची शिफारस काढून टाकली ती किरणझोत आवळून ठेवण्यावर भर देऊनच. आपल्याकडे नियमाप्रमाणे एप्रन दवाखान्यात हवाच आणि रुग्णाला दिलासा मिळत असेल तर तो घालावाही. पण एप्रन आहे म्हणून गोल कोन चालवून घेऊ नये.

चौकोनी कोनची तक्रार एकच: कोन-कट (झोताबाहेर राहिल्यानं चित्राचा तुकडा कोरा येणं) जास्त येतात. होल्डर आणि एमिंग रिंगशिवाय (कोन नेमका रोखणाऱ्या कड्याशिवाय) तो वापरला तर येणारच. बोटानं सेन्सर धरायला लावणं बंद करा. बोटानं धरलेला सेन्सर वाकतो, मूळ लांबट किंवा आखूड उमटतं आणि बोटालाही किरण लागतात. कोनची लांबी किमान २० से.मी. हवी, ३० असेल तर धूसरपणा आणखी घटतो, मात्र वेळ जवळपास दुप्पट करावी लागते. ७० किलोव्होल्टपर्यंतच्या यंत्रात १.५ मि.मी. ॲल्युमिनियमइतकं फिल्ट्रेशन असायला हवं. ते क्वालिटी ॲश्युरन्सच्या अहवालात लिहिलेलं असतं, तिथे बघा.

दुसरी गोष्ट एक्स्पोजरची वेळ. अनेक ठिकाणी आरव्हीजी (डिजिटल सेन्सर) बसवला तरी टायमर फिल्मच्या काळातल्याच आकड्यावर राहतो. चित्र छान दिसतं, कारण सॉफ्टवेअर उजेड-अंधार स्वतःच जुळवून घेतं. फॉस्फर प्लेटमध्ये (स्कॅनरमध्ये घालून वाचायच्या पातळ प्लेटमध्ये) हा धोका अधिक: दुप्पट-तिप्पट मात्रा दिली तरी चित्र सुरेखच येतं. कमी मात्रा झाली तर रवाळ चित्र लगेच ओरडून सांगतं, जास्त झाली तर कुणी सांगत नाही. म्हणून योग्य वेळ स्वतः शोधून काढावी लागते. एका दुपारचं काम आहे.

१. काढलेली, सिल्व्हर न भरलेली एक दाढ घ्या. तिच्या मुळात १० नंबरची फाइल टोकापर्यंत घालून पक्की करा आणि दाढ मेणात बसवा. शेजारी ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या १-१ मि.मी. चढत्या पायऱ्या ठेवा.

२. गालाच्या जागी दीड-दोन से.मी. जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा किंवा पाणी भरलेली चपटी प्लॅस्टिकची डबी. दाढेमागे होल्डरमध्ये सेन्सर. कोन डबीला टेकवा आणि कुठलंही अंतर पुढे बदलू नका. जिवंत माणसावर, स्वतःच्या हातावरही, ही चाचणी कधीच करू नये.

३. सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग आणि स्वयंचलित सुधारणा बंद करा.

४. सध्या वापरता त्या वेळेपासून खाली उतरा: ०.३२, ०.२५, ०.२०, ०.१६, ०.१२, ०.१०, ०.०८, ०.०६ सेकंद. यंत्रावर असतील ते टप्पे घ्या.

५. चित्रांवरचे आकडे झाकून, क्रम बदलून दोघांनी वेगवेगळं बघा. इनॅमल आणि डेंटिनची सीमा दिसते का? फाइलचं टोक कुठे संपतं ते नक्की सांगता येतं का? पायऱ्या मोजता येतात का?

६. दोघांचंही तिन्हींना ‘हो’ आलं ती सगळ्यात कमी वेळ शोधा आणि तिच्यावरचा एक टप्पा खालच्या दाढेसाठी ठरवा. वरच्या दाढेला त्याहून एक टप्पा वर, पुढच्या दातांना दोन टप्पे खाली, लहान मुलांना प्रत्येक ठिकाणी एक-दोन टप्पे कमी. जाड हाडापेराच्या माणसाला एक टप्पा जास्त. हा तक्ता लॅमिनेट करून टायमरशेजारी चिकटवा.

वरच्या टोकाची चित्रंही नीट पाहा. सीमॉस सेन्सर जास्त मात्रेनं भरून गेला की दातांमधल्या हाडाचं पातळ टोक काळं पडून नाहीसं होतं. ते पाहून हिरडीचा आजार नसताना हाड गेल्याचं निदान होऊ शकतं. ट्यूब दुरुस्त झाली किंवा सेन्सर बदलला की चाचणी पुन्हा करायची.

वीज, दमट हवा, फिल्म

जुनी एसी यंत्रं विजेच्या दाबावर पूर्ण अवलंबून असतात. व्होल्टेज पडलं की किलोव्होल्ट पडतात, चित्र फिकट येतं आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. यात महावितरणचाच दोष असतो असं नाही. दवाखान्याचा कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह त्याच लाइनवर असतील तर नेमकं एक्स्पोजरच्या क्षणी मोटर सुरू होते आणि दाब खाली जातो. यंत्राला स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि पुरेशा क्षमतेचा सर्व्हो स्टॅबिलायझर द्या. नवीन घेताना हाय-फ्रीक्वेन्सी डीसी यंत्र घ्या.

सेन्सरची यूएसबी जोडणी खाऱ्या हवेत गंजते. त्यातून होणारी सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे किरण जातात आणि चित्र येतच नाही: रुग्णाला मात्रा, हाती शून्य. म्हणून प्रत्येक वेळी पडद्यावर सेन्सर ‘रेडी’ दिसल्याशिवाय बटण नाही. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद ठेवा. पावसाळ्यात सेन्सर आणि फॉस्फर प्लेटा सिलिका जेल टाकलेल्या बंद डब्यात. प्लेट दिवसभर पडून असेल तर वापरण्याआधी तिच्यावरचं जुनं चित्र एकदा पुसून (इरेज करून) घ्या आणि काढल्यावर उजेडात न ठेवता लगेच स्कॅन करा. स्कॅनरवर बारीक मोड निवडला म्हणून रुग्णाची मात्रा वाढत नाही, पण रवाळपणा वाढतो. तो पाहून पुढच्या वेळी टायमर वाढवला जातो, आणि मात्रा त्या वाटेनं वाढते.

फिल्म अजून खूप दवाखान्यांत आहे आणि तिच्यावरही उत्तम काम होतं. अडचण डेव्हलपरच्या तापमानाची. २० अंशांना ५ मिनिटं, २२ ला ४, साधारण २४.५ ला ३, २७ ला अडीच मिनिटं. मे महिन्यात डार्करूम ३२-३३ अंशांवर असते, तिथे फिल्मवर धुकं चढतं आणि इमल्शन मऊ पडतं. मग सवय लागते ती अशी: जास्त एक्स्पोजर द्यायचं आणि लाल दिव्याखाली बघत अर्ध्या मिनिटात फिल्म बाहेर ओढायची. रुग्णाला दुप्पट मात्रा मिळते आणि कॉन्ट्रास्टही जातो. डेव्हलपरची टाकी बर्फाच्या पिशव्या घातलेल्या मोठ्या घमेल्यात ठेवा, थर्मामीटर आत सोडा, घड्याळ लावून धुवा. ई किंवा एफ-स्पीड फिल्म घ्या. डी-स्पीडच्या तुलनेत एफ-स्पीडला निम्म्याहून कमी मात्रा लागते आणि रोगनिदानात काही उणं पडत नाही.

तोंडच उघडत नसेल तर

मिश्री आणि गुटख्यामुळे हिरडीचं हाड गेलेले आणि तोंड आखडलेले रुग्ण इथे रोजचे आहेत. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये दोन बोटंही शिरत नाहीत, तिथे २ नंबरचा कडक सेन्सर कोंबला की रुग्ण कळवळतो, सेन्सर सरकतो आणि तीन-तीन वेळा एक्स-रे काढावा लागतो. अशा वेळी ० नंबरची फिल्म किंवा पातळ फॉस्फर प्लेट वापरा. तेही जमत नसेल तर सरळ ओपीजी, शक्य असेल तर फक्त हव्या त्या भागाचा. तीन फसलेल्या आयओपीएपेक्षा एक नीट ओपीजी बरा.

ओपीजीबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. त्याचा बारकावा आयओपीएपेक्षा बराच कमी, सुरुवातीच्या किडीसाठी तो नाही. काढण्याआधी कानातलं, चमकी, मंगळसूत्र, कवळी काढून घ्या, नाहीतर कानातल्याची सावली उलट्या बाजूला उमटते. थायरॉइड कॉलर घालू नका, ती झोताच्या आड येते. ‘मावशी, जीभ टाळ्याला लावा आणि यंत्र थांबेपर्यंत तशीच ठेवा’ हे आधी करून दाखवा. जीभ खाली राहिली तर वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा येतो आणि ओपीजी पुन्हा काढावा लागतो.

सीबीसीटी : व्हॉक्सेलचा मोह

वळवाच्या पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या लाद्यांवर पडताना बघा. मोठ्या लादीवर शंभर पडले तर शेजारच्या लादीवरही शंभराच्या आसपासच पडतात. लाद्या लहान केल्या की एकीवर तीन, दुसरीवर सात, असा फरक दिसू लागतो. व्हॉक्सेलचं तसंच आहे. ०.२ मि.मी.वरून ०.१ वर गेलात तर व्हॉक्सेलचं घनफळ आठव्या हिश्शावर येतं. मात्रा तीच ठेवली तर रवाळपणा जवळपास पावणेतीन पट होतो. रवाळपणा पूर्वीइतकाच हवा असेल तर मात्रा आठपट लागेल. म्हणून ‘हाय रेझोल्यूशन’ मोड निवडला की यंत्र गुपचूप मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे मात्रा, वाढवतं.

निर्णयाचा क्रम असा ठेवा. आधी साध्या चित्रांनी प्रश्न सुटतो का? वेगळ्या कोनातून काढलेला दुसरा आयओपीए पुष्कळदा पुरतो. नाही सुटला तर क्षेत्र: एका दातासाठी ४ × ४ किंवा ५ × ५ से.मी. क्षेत्र आवळलं की मात्रा घटते आणि विखुरलेले किरणही घटतात, म्हणजे चित्रही सुधारतं. मग व्हॉक्सेल: इम्प्लांट, अक्कलदाढ, अडकलेला सुळा यांना ०.२ ते ०.३ मि.मी.; चुकलेला कॅनाल किंवा मुळाची झीज यांसाठी ०.१ च्या आसपास. शेवटी फिरकी: यंत्रात १८० अंशांची सोय असेल तर मात्रा साधारण निम्मी होते आणि वेळ वाचतो. थरथरत्या मानेच्या आजोबांसाठी तर तीच चांगली, कारण डोकं अर्धा मि.मी. हललं तर ०.०७५ च्या व्हॉक्सेलचा काही उपयोग उरत नाही.

मुळाच्या उभ्या चिरेबद्दल सावध राहा. गुट्टापर्चा (कॅनाल भरायचा पदार्थ) किंवा धातूचा पोस्ट (मुळात बसवलेला खिळा) असलेल्या मुळात किरण कडक होऊन काळ्या रेघा उमटतात आणि त्या चिरेसारख्या दिसतात. व्हॉक्सेल बारीक करून किंवा मात्रा वाढवून त्या जात नाहीत. तिथे हिरडीतलं खोल, अरुंद पॉकेट आणि सायनस ट्रॅक (पू बाहेर येणारी वाट) यांवर जास्त विश्वास ठेवा.

बाहेरच्या सेंटरला पाठवताना चिठ्ठीत नुसतं ‘सीबीसीटी’ लिहिलं तर बऱ्याचदा दोन्ही जबडे स्कॅन होऊन येतात. असं लिहा: ‘४६ च्या (खालच्या उजव्या पहिल्या दाढेच्या) जागी इम्प्लांट. क्षेत्र ५ × ५ से.मी., व्हॉक्सेल ०.२ ते ०.२५. कालव्यापासून हाडाची उंची आणि रुंदी हवी. आधीचा आयओपीए सोबत.’ आणि सेंटरला एक फोन करा. घाट उतरून परत आलेल्या रुग्णाला चुकीच्या स्कॅनसाठी पुन्हा धाडण्यापेक्षा ते सोपं आहे.

मुलं, गरोदर स्त्रिया, ठरावीक तपासण्या

मुलांची थायरॉइड आणि वाढती हाडं किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि जबडा लहान असल्यानं कमी मात्रेत चित्र येतं. मोठ्यांच्या सेटिंगवर मुलाचा एक्स-रे काढायला काहीच कारण नाही. कीड लवकर लागणाऱ्या मुलांचे बायटविंग (दातांमधली कीड दाखवणारे एक्स-रे) ६ ते १२ महिन्यांनी, कमी धोक्याच्या प्रौढांचे २४ ते ३६ महिन्यांनी पुरतात. दर भेटीला ‘रुटीन’ नको. गरोदर स्त्रीच्या दाढेचा गरजेचा आयओपीए काढता येतो; गर्भापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते आणि पू झालेली दाढ तशीच ठेवणं अधिक धोक्याचं.

रूट कॅनालमध्ये अपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारं विजेवरचं यंत्र) असेल तर लांबीसाठी वेगळं चित्र न काढता मास्टर कोनच्या (कॅनाल भरायच्या मुख्य काडीच्या) चित्रातच ती ताडून पाहा. चाराची तीन चित्रं होतात.

बघताना हरवणारा बारकावा

दुपारी खिडकीतून ऊन येत असेल आणि लॅपटॉप तिरका असेल तर चांगला एक्स-रेही ‘फिका’ वाटतो आणि पुन्हा काढला जातो. पडदा ओढा, दिवा मंद करा, पडद्याच्या समोर बसा. दुसऱ्या डॉक्टरांना चित्र पाठवायचं तर मोबाइलनं पडद्याचा फोटो काढू नका. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा; फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि समोरच्याला पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. रुग्णालाही मूळ फाइल द्या. मुंबईला मुलाकडे गेल्यावर तीच दाखवता येते.

एक वही ठेवा: तारीख, दात, एक्स-रे पुन्हा काढला का, कारण. कोन-कट, टोक कापलं, दात एकमेकांवर चढले, हालला, फिका, सेन्सर जोडला गेला नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक तत्त्वांत डिजिटल चित्रांपैकी किमान ९५ टक्के आणि फिल्मपैकी ९० टक्के वापरण्याजोगी असावीत अशी अपेक्षा आहे. महिनाअखेरीस आपला आकडा काढा आणि सगळ्यात वरचं एकच कारण पुढच्या महिन्यात दुरुस्त करा. पुन्हा काढण्याआधी केसपेपरवरचं ते पहिलं वाक्य वाचा: प्रश्न किडीचा होता आणि मुळाचं टोक कापलं गेलं असेल, तर ते चित्र पुरेसं आहे.

राहिली कागदपत्रं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर यंत्राची नोंद हवी, क्वालिटी ॲश्युरन्स दर दोन वर्षांनी, आणि घेताना यंत्राला मंडळाचं टाइप अप्रूव्हल आहे ना ते तपासून घ्या, विशेषतः शिबिरांसाठी हातात धरायचं यंत्र घेताना. त्या यंत्रांचे मिलिअँपिअर कमी, त्यामुळे वेळ जास्त आणि हात हलण्याची शक्यताही जास्त. शक्य तिथे ते स्टँडवर लावा, पुढची संरक्षक तबकडी काढू नका. दवाखान्यात बटण दाबणारी व्यक्ती ट्यूबपासून किमान २ मीटर दूर, मुख्य झोताच्या ९० ते १३५ अंशांत उभी राहील अशी खूण फरशीवर रंगानं करून ठेवा, आणि टायमरची वायर तिथपर्यंत पोचते ना ते पाहा.